सोरा, चहा आणि फ्रेडरिक

शनिवारी रात्री साडेबाराला माझ्या गेममध्ये परिस्थिती अशी: सोरा फ्रेडरिककडे, चहा माझ्याकडे आणि सोफ्यावर लोळत भाचा.

“मावशी, घे ना हिसकावून. चंद्रगुप्त घेतलायस आणि दुकान काय मांडून बसलीयस?”

खेळ सिव्हिलायझेशन सिक्स, गॅदरिंग स्टॉर्म या पुरवणीसकट: आळीपाळीनं टर्न घेत राज्य वाढवायचं. मी चंद्रगुप्त, जर्मनीचा राजा फ्रेडरिक म्हणजे कॉम्प्युटर. मिलिटरी इंजिनिअरिंगचा शोध लागला की नकाशावर नायटर दिसायला लागतं. नायटर म्हणजे आपला सोरा, बंदुकीच्या दारूतला. माझ्या हद्दीत एक कण नाही, फ्रेडरिकच्या गावाला चिकटून दोन खाणी. एक मस्केटमन, म्हणजे बंदूकवाला शिपाई, उभा करायला 20 सोरा लागतो.

भाचा अगदीच चूक नव्हता. चंद्रगुप्तानं विस्ताराचं युद्ध पुकारलं की पहिले 10 टर्न त्याचं सैन्य दोन पावलं जास्त चालतं. पण त्या गावाला तटबंदी होती. तट झटपट फोडायला बंबार्ड तोफा हव्यात, आणि बंबार्डलाही सोराच लागतो. शिवाय मागच्या डावात असंच एक लांबचं गाव जिंकलं होतं. तिथल्या लोकांची निष्ठा माझ्यावर बसेना, थोड्याच टर्नमध्ये ते बंड करून स्वतंत्र झालं. सैन्य गेलं, गावही गेलं.

“पण ईस्ट इंडिया कंपनीनं काय केलं?” भाचा म्हणाला. “आधी पाटण्याहून सोरा विकतच घ्यायचे ना? 1757 ला प्लासी जिंकली, पुढच्या वर्षी बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच खिशात.”

“आणि ही मुंबई? ती कंपनीनं लढून घेतली का? 1668 ला इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला 10 पौंड भाड्यानं घेतली.”

त्यावर तो गप्प बसला. मुद्दा पटला म्हणून नाही, एवढ्या भाड्यात आज इथे काय मिळेल याचा हिशेब करत असावा.

माझी नोकरी परचेसची. अकरा वर्षं मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्ट घेतेय. तिथले दुकानदार शेठ भाव कधी तोंडानं सांगत नाहीत. कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतात आणि तो माझ्याकडे फिरवतात. मी तो पुसून माझा आकडा टाकते, परत फिरवते. हे चार-पाच वेळा चालतं, मध्ये कटिंग येतो. तिथे शिकलेली एकच गोष्ट: जे हवंय त्याचं नाव शेवटी काढायचं.

फ्रेडरिककडे सरळ सोरा मागितला तर त्यानं अवाच्या सवा सोनं सांगितलं. मग मी नुसता चहा टेबलावर ठेवला आणि ‘याचं काय देशील’ विचारलं. माझ्याकडे चहाचे तीन मळे. रयत खूश ठेवायला एक पुरतो, बाकी दोन डेड स्टॉक. 30 टर्न चहा, वर थोडं सोनं, बदल्यात 20 सोरा. जमलं. थोड्या वेळानं दुसऱ्या मळ्यावर आणखी 20.

इथवर मी फार खूश होते. मग चूक केली. शेजारच्या एका नगरराज्यात दूत पाठवून त्याची अधिपती झाले, कारण त्यांच्या हद्दीतही सोरा होता आणि अधिपतीला तो फुकट मिळतो. पण फ्रेडरिकचा स्वभावच असा, नगरराज्यांवर दुसऱ्या कुणी वजन टाकलेलं त्याला खपत नाही. आधी जाहीर निंदा, मग पावणेदोनला युद्ध.

भाचा ताडकन उठून बसला. “आता?”

आता काय, त्याच्याच सोऱ्यावर उभे केलेले दोन मस्केटमन नदीकाठी खिंडीत बसवले. पलीकडून त्याचे नाइट, म्हणजे घोडेस्वार, पाण्यातून येत होते, नदी ओलांडून हल्ला केला की त्यांचा जोर कमी होतो. आठ टर्नमध्ये तहाचा निरोप आला.

गाव मागितलं नाही. 20 सोरा मागितला आणि चहाचा जुना करार परत चालू केला. तो म्हणे, तीन सोनं जास्त हवं. मी दोन टाकले.

भाचा तोवर झोपला होता.