हार्बिनचा स्वेटर, शेंझेनचा उकाडा

प्रवेशपत्रावर ठळक अक्षरांत हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आणि कंसात बारीकसं शेंझेन. आईने चीनच्या उत्तरेतल्या हार्बिनचे बर्फातले फोटो बघून स्वेटर विणायला घेतला. "अगं आई, मी हाँगकाँगच्या शेजारी चाललोय," हे सांगूनही सुया थांबल्या नाहीत. तिला काय हसायचं! व्हिसाच्या अर्जात शहराच्या रकान्यात मीही घाईत हार्बिनच लिहिलं आणि अर्ज परत आला.

दुसऱ्या खेपेला एक्स-वन, म्हणजे लांबच्या शिक्षणाचा व्हिसा मिळाला. त्यावर मुक्कामाचे दिवस '000'. बाबांचा चेहरा उतरला. पण त्याचा अर्थ एवढाच, की पोचल्यापासून 30 दिवसांत निवास परवाना काढायचा.

ते दिवस धावपळीचे. छातीचा एक्स-रे, रक्त, ईसीजी. फोटोसुद्धा कुठलाही चालत नाही, स्टुडिओतून बारकोडची पावती लागते. मी सोबत नेलेले डझनभर फोटो वाया गेले. मग पासपोर्ट जमा, हातात नुसती पावती.

पासपोर्ट येईपर्यंत लांब जाता येईना, म्हणून शिलीचा, म्हणजे शेंझेनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या भागाचा परिसर पायी पालथा घातला. एका बाजूला छिंगह्वा, पलीकडे पेकिंग विद्यापीठ, दोन्ही मूळची बीजिंगची. आमचं हार्बिनचं. म्हणजे मोठ्या घरांच्या शाखाच! 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालेल्या या शहरात पहिलं विद्यापीठ, शेंझेन विद्यापीठ, 1983 मध्ये निघालं. कारखाने झपाट्याने वाढले, इंजिनिअर मात्र बाहेरून आणावे लागत. नवं विद्यापीठ नावारूपाला यायला पिढ्या जातात, मग नावाजलेल्यांनाच जागा देऊन बोलावलं. आमचं इथे 2002 मध्ये आलं. जवळचं सदर्न युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी मात्र शहराचं स्वतःचं. त्याने 2011 मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या मंजुरीची वाट न बघता पहिली 45 मुलं घेतली, मंजुरी 2012 मध्ये आली. हा धीटपणा मला शाखांपेक्षा जास्त आवडला. पुण्यात आधी कॉलेजं, मग कारखाने. इथे सगळं उलट.

अखेर पासपोर्ट आला, परवाना चिकटवलेला. त्या संध्याकाळी दाशा नदीवर पुलासारख्या बांधलेल्या वाचनालयात जाऊन बसलो. बाहेर अंगाला शर्ट चिकटत होता, आत एसीने दात वाजायला लागले. खोलीवर जाऊन स्वेटर घेऊन आलो. आईला फोटो पाठवला, तो नेमका कुठे काढला ते मात्र सांगितलं नाही.