अर्धी राहिलेली दोन देवळं: पाताळेश्वर ते त्रिशुंड

पुण्यात पाहुणा आला की शनिवारवाडा, दगडूशेठ आणि तुळशीबाग ठरलेलीच. पण काळ्या दगडाशी कारागीर कसा झगडला हे पाहायचं असेल, तर मी दोन ठिकाणं सुचवेन. दोन्ही पुरी झालेली नाहीत आणि त्यामुळेच तिथे कामाची पद्धत उघडी पडते.

सुरुवात पाताळेश्वरापासून करावी. जंगली महाराज रस्त्यावर, जंगली महाराजांच्या मंदिराला खेटून हे लेणं आहे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याची पुण्य विषय आणि पूनक विषय (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा) अशी नावं येतात, म्हणजे लेणं आणि गावाचा लेखी उल्लेख साधारण एकाच काळातले. इथे डोंगराच्या कड्यात शिरून खोदलेलं नाही. सपाट कातळ वरून खाली तासत नेला आहे. अंगण रस्त्याच्या पातळीखाली आहे ते त्यामुळेच. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, फरशी शेवाळते, आणि चपला बाहेर काढून अनवाणी उतरताना पाय हमखास घसरतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

अंगणातला गोल नंदीमंडप नीट बघा. छत्रीसारखं छत आणि जाड चौकोनी खांब, सगळं त्याच कातळातून सोडवलेलं. मग आत जाऊन भिंतींजवळ उभं राहा. मोबाइलची बॅटरी भिंतीसमोर धरली तर काहीच दिसत नाही. ती भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकला की छिन्नीच्या तिरप्या रेघा उठून दिसतात. काही जागी शिल्पाचा नुसता उठाव काढून सोडून दिलेला आहे. गाभाऱ्यामागच्या खडकात भेग लागली म्हणून काम थांबलं असावं, असं सांगितलं जातं. मला ते पटतं: कोरीव लेण्यात खराब दगड काढून दुसरा बसवता येत नाही.

इथून महापालिकेजवळच्या शिवाजी पुलावरून नदी ओलांडा, शनिवारवाडा आणि कसबा गणपतीवरून फडके हौद चौकात या आणि दारूवाला पुलावरून नागझरी पार करून सोमवार पेठेत शिरा. दोन-तीन किलोमीटरची ही चाल आहे. गाडी नकोच, गल्ल्यांत लावायला जागा मिळत नाही. कमला नेहरू रुग्णालयाची खूण विचारत गेलं की त्रिशुंड गणपती सापडतो.

या मंदिराचं काम भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४ मध्ये सुरू केलं आणि १७७० मध्ये मूर्ती बसली. शिखर मात्र चढलंच नाही, त्यामुळे लांबून देऊळ ओळखू येत नाही. दर्शनी भिंतीसमोर आलं की पाय थांबतात: द्वारपाल, गजलक्ष्मी, झुंजणारे हत्ती, आणि साखळदंडाने बांधलेल्या गेंड्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई. गेंडा म्हणजे बंगाल-आसामचा मुलूख आणि शिपाई म्हणजे इंग्रज, असा अर्थ लावला जातो. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे मंदिराचं काम चालू असतानाचीच. पुण्यातल्या पाथरवटाने ती बातमी दगडात घातली असेल, तर पेठेच्या गल्लीत याहून मोलाचा दस्तऐवज मला माहीत नाही.

आत गाभाऱ्यालगत तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. बारकावे चटकन कळत नाहीत, डोळे अंधाराला सरावू द्या. दर्शन घेऊन परत फिरू नका, बाहेरून वळसा घालून मागच्या भिंतीकडे जा. तिथे लिंगोद्भव कोरला आहे: मधे शिवलिंग, त्याचं टोक शोधायला वर गेलेला हंस म्हणजे ब्रह्मा, खाली गेलेला वराह म्हणजे विष्णू. हा विषय दक्षिणेत नेहमीचा, आपल्याकडे विरळा.

तळघरात एका गोसाव्याची समाधी आहे. तिथे झऱ्याचं पाणी भरलेलं असतं, त्यामुळे एरवी उतरता येत नाही. गुरुपौर्णिमेला पाणी काढून ते दर्शनासाठी उघडतात. त्या दिवशी जायचं तर सकाळी लवकर जा, रांग असते आणि जिना अरुंद आहे. फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा, आणि शिल्पांना हात लावू नका.