छाटणी चुकली, असं लिहा

26 नोव्हेंबर 2023 ला निफाड तालुक्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या आणि तलाठी, ग्रामसेवक अन् मी, कृषी सहायक, पंचनाम्याला निघालो. बांधावरून फोटो काढला की पंचनामा झाला, असं लोकांना वाटतं. आम्ही झाडावरचे घड मोजतो, त्यांतले मार बसलेले किती ते मांडतो. 33 टक्क्यांच्या आत नुकसान भरलं, तर शेतकऱ्याला दमडी मिळत नाही.

द्राक्षात मेख इथंच आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागांत मणी जेमतेम बाजरीएवढे होते. गार चाटून गेलेला मणी पहिल्या दिवशी हिरवाच दिसतो. चार-पाच दिवसांनी काळा पडतो, मग घडात कूज शिरते. वरून मात्र सारखे फोन, ‘आकडा आजच द्या’. टेबलावर बसणाऱ्यांना कूज कळत नाही.

बांधावर कारणांचा बाजार भरला होता. कुणी म्हणे बड्या बागायतदारांनी विमानं फिरवून ढग पळवले, कुणी म्हणे देवच कोपला. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, हे ग्लोबल वॉर्मिंग.” त्याला चुलत्यानं झापलं, “मग सोसायटीला सांग, हप्ता त्याच्याकडून घ्या म्हणावं.” सगळे हसले, मीसुद्धा.

बागायतदार तात्या हसले नाहीत. त्यांनी छाटणीची वही आणली होती. जुन्या पानांवर तारखा सप्टेंबरअखेरच्या, पुढं सरकत सरकत ऑक्टोबरच्या मध्यावर गेलेल्या. समासात शेरे: ‘परतीचा पाऊस हटेना’, ‘डाऊनी’ (बुरशीरोग), ‘घड जिरले’ (घड धरण्याआधीच नाहीसे झाले). हवामान बदलावर आम्हाला प्रशिक्षणं होतात, पण असा पुरावा मी तिथं पाहिला नव्हता.

“यंदा बाजारभावाच्या नादानं आठ दिवस आधी घेतली. कारणात लिहा, छाटणी चुकली.”

“तात्या, असं लिहिलं तर मदत मिळायची नाही.”

“खोटं कसं लिहायचं?”

मी त्यांना शेजारच्या बागेत नेलं. ती उशिरा छाटलेली, ऐन फुलोऱ्यात सापडलेली. वेलीखाली गळीचा नुसता सडा. म्हटलं, यानं तर तुमच्या नेहमीच्या तारखेला छाटणी घेतली होती, त्याचं काय?

तात्यांनी एक घड हातात धरून बोटानं हलवला. उरलेली फुलंही झडली.

“मग त्याचंबी चुकलं.”

कारणाच्या रकान्यात मी ‘गारपीट’ लिहिलं. विमानांवर खापर फोडणाऱ्यांशी वाद घालता येतो. तात्यांशी काय बोलावं, ते अजून सुचलेलं नाही.