पिट्सबर्गमधील ग्रीर लँक्टनच्या बाहुल्या

पिट्सबर्गला आलेल्या पाहुण्यांना नद्यांचा संगम दाखवून झाला की मी त्यांना ‘मॅट्रेस फॅक्टरी’ या संग्रहालयात घेऊन जातो. गाद्यांच्या जुन्या गोदामात उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात बाहुल्या घडवणारी कलाकार ग्रीर लँक्टन हिने १९९६ साली साकारलेले ‘इट्स ऑल अबाउट मी, नॉट यू’ हे मांडणशिल्प आता कायमस्वरूपी ठेवलेले आहे. शिकागोतील आपले राहते घरच तिने येथे पुन्हा उभे केले आहे. आत शिरताच पलंगावरची हाडे दिसावीत इतकी कृश बाहुली आणि तिच्याभोवतीच्या औषधांच्या बाटल्या दिसतात. ग्रीरच्या आवडत्या व्यक्तींचे देव्हारेही आहेत. त्यांत येशू ख्रिस्त आहे, तशी ट्रान्सजेंडर अभिनेत्री कँडी डार्लिंगही आहे.

१९५८ साली मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेल्या ग्रीरची ओळख लहानपणी मुलगा अशीच होती. एकविसाव्या वर्षी तिने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात तिच्या बाहुल्यांचा बोलबाला झाला आणि १९९५ साली त्या व्हेनिसच्या बिएनालेपर्यंत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत, पोहोचल्या.

तारेच्या सांगाड्यावर कापड चढवून, सांधे हलते ठेवून आणि काचेचे डोळे बसवून ती बाहुली घडवत असे. मात्र घडवलेली बाहुली तिच्या लेखी कधीच पूर्ण होत नसे. ‘सिसी’ नावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर तर ती अनेक वर्षे काम करत राहिली. शरीर हे एकदाच मिळते आणि ते आहे तसेच स्वीकारावे लागते, या समजुतीला याहून थेट उत्तर मला तरी ठाऊक नाही.

हे प्रदर्शन उघडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबर १९९६ मध्ये, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तिचा मृत्यू झाला. त्यामुळे अनेकजण या खोलीकडे निव्वळ शोकांतिका म्हणून पाहतात आणि (माझ्या पाहुण्यांपैकी बहुतेकजण तर) हळहळून बाहेर पडतात. मला ते अपुरे वाटते. व्यसन आणि न खाण्याचा आजार तिने लपवलेला नाही हे खरे, पण त्याच खोलीत भडक साजशृंगार, चहाटळपणा आणि स्वतःचीच टर उडवण्याची हौसही ठासून भरलेली आहे, आणि काय दाखवायचे ते शेवटपर्यंत तिनेच ठरवले आहे. तिचा वैयक्तिक संग्रहही याच संग्रहालयाकडे असून त्यातील बराचसा भाग घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतो.