चार लाख तिकिटं

काका जमीन विकून 25 लाख घेऊन आले होते, सोबत निर्माता. मराठी चित्रपट, बजेट 1 कोटी 60 लाख. शूटिंग उरकलेलं, एडिटिंग-साउंडला पैसे कमी पडलेले. ते काकांनी घालायचे, बदल्यात नफ्यात 20 टक्के. बजेटच्या साडेपंधरा टक्के पैशाला नफ्याचे 20, म्हणजे वरकरणी सौदा उदारच. निर्मात्यानं ‘सैराट’चं नाव काढलं; सगळेच काढतात. 2016 साली त्यानं 100 कोटींचा गल्ला ओलांडला हे खरं, पण पाठीशी झी होतं. शिवाय गल्ला म्हणजे निर्मात्याच्या हातातला पैसा नव्हे.

मी पाठकोऱ्या कागदावर 150 रुपयांचं एकच तिकीट मांडलं. 18 टक्के जीएसटी त्यातच असतो. तो काढला की 127 उरतात. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्स निम्मे ठेवतं, उरले साडेत्रेसष्ट. वितरकाचं 10 टक्के कमिशन गेलं, 57. डिजिटल प्रोजेक्शनपोटी थिएटरला द्यावं लागणारं शुल्क, म्हणजे व्हीपीएफ, तिकिटांवर विभागलं तर धरा 55. बजेट आणि 60 लाखांची प्रसिद्धी मिळून 2 कोटी 20 लाख. भागिले 55, म्हणजे 4 लाख तिकिटं. रोज 300 खेळ आणि खेळाला 60 माणसं धरली तरी बावीस-तेवीस दिवस. प्रत्यक्षात सोमवारीच खेळ कापले जातात, आणि दुसऱ्या आठवड्यात आपला निम्म्याचा वाटा साडेबेचाळीस टक्क्यांवर येतो.

“साहेब, सॅटेलाइट-डिजिटलचे, म्हणजे टीव्ही-ओटीटी हक्कांचे, 80 लाख धरलेच नाहीत तुम्ही,” निर्माता म्हणाला.

बरोबर होतं. ते धरले तर अडीच लाख तिकिटं पुरतात. (त्याच्या तक्त्यात सरकारी अनुदानही जमेला होतं. समितीनं चित्रपट पाहून दर्जा दिल्याशिवाय ते धरायचं नसतं, म्हणून खोडलं.) हक्कांचे कागद मागवले, तेव्हा दुपारी खरी गोष्ट बाहेर आली. हे हक्क एका फायनान्सरकडे 70 लाखांना गहाण होते, दरमहा 2 टक्क्यांनी. आठ महिन्यांचं व्याज 11 लाख 20 हजार, म्हणजे देणं 81 लाख 20 हजार. ऐंशीतून काकांकडे दमडी येत नव्हती.

मग काकांचा करार उघडला. ‘निव्वळ नफा’ हा शब्द सात ठिकाणी, व्याख्या कुठेच नाही. त्यामुळे निर्मात्याचं मानधन, ऑफिसभाडं, व्याज, काहीही आधी वजा करता आलं असतं. डिजिटल हक्कांतला हिस्सा काकांच्या नावे लिहिला होता, मुदत मात्र कोरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत लिहिली नाही तर हस्तांतर 5 वर्षांचंच मानलं जातं.

या धंद्यात अडलेला चित्रपट पुरा करायला शेवटी आलेला पैसा आधी बाहेर पडावा, अशी मागणी रास्त असते. मी तीच घातली. वितरकाचे प्रसिद्धीचे 60 लाख सुटले की लगेच काकांची मुद्दल. 85 लाख भागिले 55, म्हणजे साधारण एक लाख पंचावन्न हजार तिकिटं. तोच 300 खेळांचा हिशेब धरला तर नऊ दिवस. त्या बदल्यात नफ्यातला हिस्सा वीसवरून आठवर. वसुली एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या क्रमानंच पैसे सोडणाऱ्या तिऱ्हाइताच्या खात्यात. आणि थिएटरच्या उत्पन्नावर आपला बोजा नाही, असं फायनान्सरचं पत्र.

निर्माता वीसचे आठ होतायत म्हटल्यावर लगेच तयार झाला. त्यानं तिथूनच फायनान्सरला फोन लावला, स्पीकरवर.

“एस्क्रो करा, हरकत नाही,” पलीकडून आवाज आला, “पण थिएटरच्या वसुलीवरही माझाच बोजा आहे. कागद नीट वाचा.”

निर्मात्यानं मान खाली घातली. काकांनी चेकबुक पिशवीत टाकलं.