नेरुळची पाचवी पेनल्टी

शाळांच्या फुटबॉल सामन्यांत मी पंच असतो. गेल्या पावसाळ्यात नेरुळला सुब्रोतो कपच्या स्थानिक फेरीत, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात मी लाइन्समन, म्हणजे झेंडा घेऊन रेषेवर उभा असणारा सहायक पंच होतो. १९६० पासूनची ही शाळांची देशभरची स्पर्धा. दिल्लीतली अंतिम फेरी गाठायची तर आधी आपल्या गावात, मग विभागात, मग राज्यात जिंकत जायचं. एकदा हरलं की घरी.

पाऊस सकाळपासून होता. फक्कीची रेष दुसऱ्या सामन्यातच वाहून गेली. आयोजकांकडे फक्की मागितली, तर म्हणाले, "संपली सर, आहे तसं उरका." याच नेरुळमध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाची फायनल झाली, आणि आपल्या मुलींना पोतंभर फक्की मिळत नाही. अजून राग जात नाही माझा.

१-१ बरोबरी, मग थेट टायब्रेकर, म्हणजे दोन्ही संघांना आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी किक. त्यात लाइन्समनची जागा ठरलेली असते: गोललाइन आणि गोल एरियाची रेष मिळते तिथे, पोलपासून साडेपाच मीटरवर. बॉल आत गेला का, आणि किक बसली त्या क्षणी कीपरचा पाय कुठे होता, दोन्ही त्यानेच सांगायचं. एक पाय रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा मागे असला तरी चालतो. पण बॉल आणि टाच एकदम दिसत नाहीत. मी टाच बघतो आणि किक कानाने घेतो. चिखलात तो आवाज दबतो.

एका संघाच्या पाचही किक झाल्या होत्या, गोल तीन. समोरच्यांचे चार किकमध्ये तीन. पाचव्या किकला कीपर उजवीकडे झेपावली आणि बॉल पंजाने बाहेर काढला. तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या. माझा झेंडा वर होता, माझ्या मते तिचे दोन्ही पाय रेषेच्या पुढे आले होते. रेफ्रींनी तिला ताकीद दिली, किक परत घ्यायला लावली. या वेळी गोल झाला.

हात मिळवताना तिने विचारलं, "सर, रेष दिसत होती तुम्हाला?"

"दोन पोलच्या मधून अंदाज घेतला, बाळा."

ती काही बोलली नाही. तिचं हे सतराखालचं शेवटचं वर्ष, हे त्यांच्या सरांनी नंतर सांगितलं. लीगमध्ये अशी चूक पुढच्या सामन्यात भरून निघते, इथे पुढचा सामनाच नसतो. टायब्रेकरआधी मी पाच मिनिटं अडून बसायला हवं होतं. फक्की आल्याशिवाय किक नाही, एवढं रेफ्रींना सांगायचं होतं. तो माझा हक्क होता, मी वापरला नाही.

सगळे गेल्यावर मी गोलमध्ये उकिडवा बसलो. तिने जिथून झेप घेतली तिथे स्टडचे खड्डे होते, पाण्याने भरलेले. एक पोलच्या रेषेत, दुसरा वीतभर पुढे. दोन किक, दोन झेपा. पहिल्या झेपेचा खड्डा कोणता, ते मला ओळखता आलं नाही.