एका बोटाने दाखवा, माउली

पुणे ते सासवड ही माउलींच्या पालखीची मोठी मजल, सुमारे ३० किलोमीटरची, आणि वाटेत दिवे घाट. सासवडला मुक्काम असतो म्हणून पाय हातात धरून बसायला सवड मिळते. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे दिंडीत सगळ्यांना ठाऊक झालेलं. सकाळी राहुटीपुढे बायाबापड्या बसल्या होत्या आणि जो तो एकच सांगत होता, "गुडघे झिजलेत."

या 'झिजलेत'चा मला राग येतो. माणसावर नाही, शब्दावर. तो एकदा चिकटला की पुढे कुणी बघतच नाही.

तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मावशी दोन्ही हातांनी अख्खा गुडघा कवटाळून बसल्या होत्या. म्हटलं, "सगळा नको मावशी, एका बोटाने दाखवा." बोट सांध्यावर गेलंच नाही. गुडघ्याच्या खाली तीन-चार बोटं, आतल्या अंगाला, नडगीच्या हाडावर टेकलं. मी त्यांचा पाय हातात घेऊन वाकवला, सरळ केला, काही नाही. "आता टाच मागे ओढा, मी अडवते," म्हटल्यावर मात्र त्या कळवळल्या. मांडीचे तीन स्नायू तिथे हाडाला येऊन मिळतात, त्यांच्याखाली पाण्याची बारीक पिशवी असते. घाटाने ती सुजवली होती. बर्फ, थोडी विश्रांती आणि पुढच्या मजलेला डोक्यावरचा भार दुसरीकडे.

शेजारच्या आजोबांचा गुडघा मी नुसता हलवला तरी दुखला, तळहाताला आतली करकर लागली. उठल्यावर दहा मिनिटं आखडतो, मग सुटतो. ही खरी झीज. सांधा दुखत असेल तर दुसऱ्याने हलवला तरी बहुधा दुखतो; स्नायूची दोरी दुखत असेल तर तिने स्वतः जोर लावला की जास्त दुखते. माझीच टाच त्या दिवशी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला सुई टोचावी तशी दुखली आणि वीस पावलांत निवली. तळव्याचा पट्टा ताणला गेला होता, हाडाला काही झालं नव्हतं.

सगळ्यात मागे एक चाळिशीची बाई बसली होती. गुडघ्याचं सांगत होती, पण माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. टाळाची दोरी तिने मनगटाला गुंडाळली होती, कारण मूठ मिटत नव्हती. दोन्ही हातांची बोटं मुळाशी फुगलेली, दाबली तर मऊ लागत होती. "सकाळी किती वेळ आखडतात?"

"भाकरी थापायला नऊ वाजतात, ताई. उठते पाचला."

तासाच्या वर आखडणं, दोन्हीकडचे तेच सांधे, महिनोन्‌महिने. ही झीज नव्हे, बहुतेक आमवात. आणि आमवातात वेळ फार मोलाचा असतो; औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याच अंशी टळतं. तिला मात्र दोन वर्षांपूर्वी कुणीतरी "वयामुळे होतं" म्हणून तेल दिलं होतं. चाळिशीत!

मी चिठ्ठी लिहिली: सांधेविकारतज्ज्ञांना दाखवणे, रक्ताच्या तपासण्या. तिच्या नवऱ्याला बोलावून दोनदा वाचून दाखवली. त्याने ती घडी घालून टोपीत ठेवली आणि विचारलं, "पंढरपूर झाल्यावर गेलं तर चालेल?"

"चालेल. पण घरी जायच्या आधी."